सत्तावन्न ते पासष्ट

१

घाईकर हे काही त्याचं आडनाव नव्हे. ते बाईंनी ठेवलेलं नाव, आणि तेही शिकवणीच्या पहिल्याच दिवशी. उसळणारा चेंडू बारा चित्रांत काढायला सांगितला होता. बाई खाली जाऊन पाणी पिऊन येईपर्यंत या गृहस्थाने बाराच्या बारा चित्रं उरकली आणि हाताची घडी घालून बसला. बाईंनी कागद बोटांत धरून भरभर उलटले, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, "हा चेंडू आहे की पिशवीतून पडलेला बटाटा? कसली घाई आहे रे तुला, घाईकर?" झालं. छत्तीस वर्षांच्या, संसारी माणसाला नवं नाव मिळालं.

तसा तो या धंद्यात नवखा नव्हता. बारा वर्षं कॉम्प्युटरवर ॲनिमेशन करत होता. पहिली पोझ द्यायची, शेवटची पोझ द्यायची, मधलं सगळं यंत्र भरतं. पगार बरा, खुर्ची मऊ. पण सासूबाईंच्या साठाव्या वाढदिवसाला पाहुण्यांतलं कुणीतरी म्हणालं, "जावईबापू चित्रकार ना? मग काढा की आईंचं चित्र!" कागद आला, पेन आलं, वीस-पंचवीस माणसं गोल करून उभी राहिली, आणि याला साधं नाक जमेना. "टॅबवर काढून पाठवतो," असं पुटपुटून त्याने पेन ठेवलं. कोरा कागद वाया जाऊ नये म्हणून सासूबाईंनी तो घडी करून पर्समध्ये ठेवला. ती घडी बघताना त्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. पुढच्या आठवड्यात तो बाईंच्या दारात उभा होता.

बाईंनी चौतीस वर्षं हाताने चित्रपट काढले होते. आता वरच्या मजल्यावरच्या खोलीत त्या शिकवत. समोरासमोर दोन उतरती टेबलं, प्रत्येकात गोल काच, काचेखाली दिवा, काचेच्या कडेला कागद अडकवायच्या तीन खुंट्या. टेबलाशेजारी भिंतीला आरसा, चेहरा वेडावाकडा करून बघायला. खाली बाईंची थोरली बहीण राहायची. तिला बाई ताई म्हणत, म्हणून तोही ताईच म्हणे. दुपारी तीन ते सहा. शेवटी शेवटी शिकायला येणारा तो एकटाच उरला होता.

२

चार महिन्यांनंतर एका दुपारी बाईंनी कपाटातून एक जाडसर पाकीट काढलं.

"हे माझं," त्या म्हणाल्या. "म्हणजे मीच. आरशात बघून काढलंय. खुर्चीतून उठते, चार पावलं चालते, खिडकी उघडते, बाहेर बघते. आठ सेकंद. शहाण्णव चित्रं. त्यातली मुख्य चौदा मी काढलीत. आता हा बघ." त्यांनी उजवा हात पुढे केला. हात थरथरत होता. "याला मधली झेपत नाहीत. मधली तू काढ."

"मी?"

"नाहीतर काय ताई काढणार? मला एकदा बघायचंय रे, मी कशी चालते ते. जन्मभर कोल्ह्यांना चालवलं, राजपुत्रांना चालवलं. स्वतःला कधी चालवलंच नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "झालं की रंग तुझ्या कॉम्प्युटरवर भरू. मला तेही शिकव. मला काही वैर नाही त्याच्याशी."

त्याने पाकीट छातीशी धरून घरी नेलं. खरोखर मन लावून बसला. पहिल्या दिवशी एक चित्र झालं. दुसऱ्या दिवशी ते खोडून पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी खोडून खोडून कागदाचा भुगा निघाला आणि बाईंच्या जागी भलतीच कुणीतरी म्हातारी खुर्चीत बसलेली दिसली. एका आठवड्यात सात चित्रं, आणि सातही टाकाऊ.

आठव्या दिवशी त्याने चौदा मुख्य चित्रं स्कॅन केली. यंत्राने मधली ब्याऐंशी भरून दिली, त्याचा चहा निवायच्या आत. त्याने ती फिकट छापली, दिव्याच्या काचेवर ठेवली आणि वरून पेन्सिलीने गिरवली. एवढ्यावर थांबला असता तरी एक वेळ चाललं असतं. पण नाही. रेघ हाताची वाटावी म्हणून त्याने ती मुद्दाम जराशी थरथरवली. पाच-सहा ठिकाणी उगाच खोडरबर फिरवला. एका कागदावर अंगठ्याचा काळा ठसाही उमटवला. हे सांगताना आपल्यालाच कसंतरी होतं, तर करताना त्याला काय झालं असेल! पण त्याने केलं.

३

बाईंच्या हाताला आता शहाण्णव पानं उलटणं जमत नव्हतं, म्हणून गठ्ठा त्यानेच धरला. अंगठा फिरला, कागद फडफडले. कागदावरच्या बाई उठल्या, चालल्या, खिडकीपाशी गेल्या.

खऱ्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.

"पुन्हा. सुरुवातीचं."

त्याने पुन्हा उलटलं.

"गुडघा विसरलास," त्या म्हणाल्या. "उठताना माझा गुडघा अडतो. कडेला लिहिलं होतं ना मी?"

"राहून गेलं, बाई. पुन्हा काढतो."

"थांब, थांब. असू दे." बाई गठ्ठ्याकडे बघत राहिल्या. खाऊच्या बरणीकडे बघावं तसा चेहरा झाला होता त्यांचा. "किती अलगद उठतेय बघ. छान वाटतंय रे. असंच असू दे." मग त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. थरथरणारा, हलका हात. "रेघ मोकळी झाली तुझी. मला वाटलं नव्हतं हं. चार महिन्यांत मोकळी झाली."

बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याने मान खाली घातली. बाईंना वाटलं, पोरगं लाजलं. लाजलंच होतं, पण त्यांना वाटलं तसं नव्हे.

४

आता, बाईंचं खुर्चीतून उठणं हा एक सोहळा असे. आधी उजवा तळहात खुर्चीच्या हातावर. मग "आई गं." मग कंबर अर्धी उचलायची, गुडघा कट्‌कन वाजायचा, तिथेच क्षणभर थांबून शेजारच्या आरशात स्वतःकडे बघून तोंड वाकडं करायचं, आणि मग उरलेलं उठायचं. चार महिने तो हे रोज बघत होता, म्हणजे ऐकत होता. त्याचं डोकं बहुतेक कागदात नाहीतर घड्याळात.

दुसऱ्या दिवशी उन्हाची तिरीप काचेवर आली म्हणून बाई पडदा ओढायला उठल्या.

नुसत्या उठल्या. हात टेकला नाही. आई गं नाही. गुडघा वाजला नाही. बसलेल्या होत्या आणि मग उभ्या होत्या, आणि मधलं सगळं एका संथ, सारख्या वेगाने झालं.

"वा बाई! म्हातारपण कुठे ठेवून आलात?"

"हलकं वाटतंय रे आज," बाई म्हणाल्या आणि खिडकीकडे गेल्या. एक, दोन, तीन, चार. चारही पावलं मोजून घेतल्यासारखी.

तो हसला. पण काहीतरी टोचत होतं. पहिल्याच आठवड्यात बाईंनी शिकवलं होतं, जिवंत गोष्ट एकदम निघत नाही आणि एकदम थांबत नाही. निघताना चित्रं जवळजवळ, मधे लांब लांब, थांबताना पुन्हा जवळजवळ. मांजर असो की माणूस. आणि बाई खिडकीपाशी थांबल्या त्या एकदम, सरकता दरवाजा थांबतो तशा.

घरी त्याने बायकोला सांगितलं. ती दवाखान्यात काम करायची. "गुडघ्यात इंजेक्शन घेतलं असेल," ती म्हणाली. "चांगलं इंजेक्शन असेल तर माणूस पळायला लागतं." त्याचा जीव भांड्यात पडला. इंजेक्शनच असणार. दुसरं काय असणार?

५

बाईंनी नवा धडा दिला. पाण्याने भरलेला पेला उचलणारा हात. तो काढत होता, समोर बाई बसल्या होत्या. तास गेला असेल. त्याला उगीचच वाटायला लागलं की आपल्याकडे कुणीतरी टक लावून बघतंय. बघत तर होत्याच बाई. त्यांचं कामच ते.

त्याने मान वर केली. बाई त्याच्याकडे बघून हसल्या. तो थांबला. त्यांच्या पापण्या लवण्याची वाट बघत थांबला. का, ते त्याला सांगता आलं नसतं. त्याचेच डोळे झोंबायला लागले, पाणी आलं. त्याने डोळे चोळले. बाई तशाच बघत होत्या.

"झोप आलीय का रे?"

"नाही. दिव्याने जरा."

बाईंनी चहाचा कप तोंडाशी नेला. वाफ डोळ्यांवर गेली. पापणी हलली नाही.

त्या दिवशी पोट दुखतंय सांगून त्याने साडेचारलाच काढता पाय घेतला. घरी आल्या आल्या पाकिटातली चौदा मुख्य चित्रं जमिनीवर मांडली. चौदाही चित्रांत डोळे उघडे होते. आणि उघड्या डोळ्यापासून उघड्या डोळ्यापर्यंत यंत्राला जायला सांगितलं तर ते उघडाच डोळा काढणार. त्यात यंत्राची काय चूक? मधे पापणी मिटते, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

बाईंनी सांगितलं होतं. प्रत्येक कागदाच्या डाव्या कडेला, बारीक अक्षरात, थरथरत्या हाताने. स्कॅन करताना चौकट लहान ठेवली होती, सगळ्या कडा कापल्या गेल्या होत्या. आणि मूळ कागद वाचायचे कष्ट या पठ्ठ्याने घेतले नव्हते.

नवव्या चित्रावर: "इथे गुडघा अडतो. दोन चित्रं थांबव." तेविसाव्यावर: "धरायला काही नाही म्हणून हात हवेत चाचपडतो." एकतिसाव्यावर एकच शब्द: "श्वास." सत्तावन्नाव्यावर: "समोर खिडकीचा उजेड. इथून पासष्टपर्यंत डोळे मिटून पुन्हा उघडतात. सावकाश काढ."

एकतिसावा कागद त्याने उलटा करून ठेवला. दुसऱ्या दिवसापासून त्याने बाईंच्या खांद्यांकडे, छातीकडे बघायचं टाळलं. योगायोग असतो, तो स्वतःला सांगायचा. वय झालं की डोळे कोरडे पडतात, पापण्या कमी लवतात, कुठेतरी वाचलं होतं. शिवाय बाई खुशीत होत्या. खुशीत असलेल्या माणसाला कशाला छेडायचं?

खरं सांगायचं तर त्याला बाईंची भीती वाटत नव्हती. सांगावं लागेल, याची वाटत होती.

६

गठ्ठा दाखवल्याला अकरा दिवस झाले होते. जिन्याखाली ताईंनी त्याला अडवलं. ताई सत्तरीच्या पुढच्या, मितभाषी बाई. चार महिन्यांत त्याच्याशी "या" आणि "सांभाळून जा" याखेरीज बोलल्या नव्हत्या.

"जरा विचारायचं होतं," त्या म्हणाल्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "तुम्ही तिच्यासमोर रोज बसता. ती काही बोलली का तुम्हाला? आजाराचं वगैरे?"

"नाही हो ताई. का?"

"जिन्यावर येते ते ऐकू येत नाही मला हल्ली. आधी पायरी पायरी कळायची. आता वळून बघावं तर शेजारी उभी." त्यांनी वर बघितलं, आवाज आणखी खाली आणला. "आणि झोपते तेव्हा डोळे मिटत नाही. सरळ छताकडे बघते. हाक मारली तर ओ देते, म्हणते झोपले होते. मी हात ठेवून मिटून बघितले. नाहीत मिटत हो."

तो भिंतीला टेकला.

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल काही," ताई म्हणाल्या. "तुमच्यावर फार जीव आहे तिचा. परवा फोनवर कुणालातरी सांगत होती, आता मी हात टेकले तरी चालेल, माझ्या मागे शिकवायला माणूस तयार झालाय. हातही चालतो, यंत्रही चालतं, असा."

सांगायची वेळ हीच होती. समोर एक म्हातारी बहीण हात जोडायच्या बेतात उभी होती.

"मला काही कल्पना नाही, ताई," तो म्हणाला. "डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवू या."

७

वर बाई खुर्चीत होत्या. दिवे लागलेले होते.

त्याने पाकीट काढलं, सत्तावन्नावं आणि पासष्टावं चित्र खुंट्यांना अडकवलं, त्यांवर कोरा कागद ठेवला. छापील नाही, फिकट नाही, कोरा. आज हातानेच. पापण्या तेवढ्या काढायच्या. चार-पाच चित्रांचं तर काम.

साठावं झालं, पापणी जड. एकसष्टावं झालं, अर्धी. वेडंवाकडं, पण झालं. बासष्टाव्यात डोळा मिटायचा होता. मिटलेला डोळा म्हणजे काय, एक वाकडी रेघ. ती त्याने ओढली.

"आई गं," बाई म्हणाल्या.

त्याने वर बघितलं. बाईंचे डोळे मिटलेले होते. मान खुर्चीला टेकली होती, मिटल्या पापण्यांखालून दोन्ही गालांवर पाणी ओघळत होतं, आणि चेहऱ्यावर विश्रांती होती.

"किती बरं वाटलं रे," त्या म्हणाल्या. "काय केलंस?"

आणि मग त्याला राहवलं नाही. "बाई, ती चित्रं मी काढली नव्हती. यंत्राने भरली. मी नुसती गिरवली. ठसासुद्धा मुद्दाम उमटवला. तुम्ही डोक्यावर हात ठेवलात तेव्हाच सांगायला हवं होतं."

बाईंनी मिटल्या डोळ्यांनीच मान त्याच्याकडे वळवली.

"सगळी?"

"सगळी."

"विचारायचं होतंस रे," त्या हळूच म्हणाल्या. "बसवलं असतं आपण त्यालाही शेजारी."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याला शरमेने वर बघवेना.

"कितव्यावर आहेस?"

"बासष्टाव्यावर."

"मग त्रेसष्टावं काढ. मला खिडकी बघायचीय."

त्याने कोरा कागद अडकवला. अर्धी उघडलेली पापणी. डाव्या डोळ्यापासून सुरुवात केली. बोटं ओली झाली होती, पेन्सिल घसरली, पापणीचं टोक कानाकडे चढलं आणि बुबुळ नाकाकडे धावलं. त्याने मान वर केली.

बाईंची डावी पापणी उघडली होती. टोक कानाकडे चढलेलं. बुबुळ नाकाशी.

"अंधुक दिसतंय," बाई म्हणाल्या.

त्याचा हात आपोआप खोडरबराकडे गेला. विचार करायला हवा होता. पण त्याने घासलं, जोराजोराने, जसं लहानपणी चुकलेलं गणित सर यायच्या आत घासतात तसं.

"अं?" बाई म्हणाल्या. एवढंच. जरा दचकून.

त्याने एकदाच बघितलं. काचेचा उजेड खालून येत होता, चष्म्यावर चमक असेल, त्याचे स्वतःचे डोळे भरलेले होते. भुवईपासून गालापर्यंत सलग होतं. मधे काही नव्हतं, फक्त घासल्याचा करडा डाग. त्याने मान खाली घातली ती पुन्हा वर केली नाही.

"ताई चहा आणतेय," बाई म्हणाल्या. आवाज शांत होता, शिकवताना असायचा तसा. "त्याआधी होईल ना?"

"होईल, बाई."

घरी यंत्र होतं. त्याने दोन सेकंदांत भरून दिलं असतं. याही घटकेला त्याच्या मनात पहिलं तेच आलं, आणि त्याला स्वतःची किळस वाटली. जिन्यावर कपबशी किणकिणली. त्याने कागद सरळ केला. खालून दोन चित्रं उजेडात दिसत होती. बासष्टाव्यात डोळा मिटलेला. पासष्टाव्यात, बाईंच्या हातचा, उघडा. त्यांच्या मधे बाईंची पापणी कशी वर येते, हे चार महिने समोर बसून त्याने एकदाही बघितलं नव्हतं.